सत्तावीस नंबर

मँचेस्टरला, जुन्या सूतगिरणीच्या तळघरात,
जिथे भिंतींना अजून वंगणाचा वास येई,
दोन कपाटं शेजारीशेजारी उभी होती.
एक आमच्या कंपनीचं,
एक डेरेक हॅल्सॉलच्या.
मधून एक पिवळी वायर, अडीच हाताची,
आमच्या बाजूला सत्तावीस नंबरच्या भोकात.

तिचा कधी कागद झाला नाही.
सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत तो म्हणाला,
"तुझी माणसं माझ्या माणसांना पत्रं लिहितात
ती अमेरिकेला वळसा घालून येतात.
अगं, आपल्यात धड भिंतसुद्धा नाही!"
मी म्हटलं, आमच्या विट्याकडे याला इर्जिक म्हणतात.
त्यानं ऐकलं 'अर्जिक'.
आणि चिकटपट्टीवर तेच लिहून
वायरीच्या दोन्ही टोकांना गुंडाळलं.

बैल तुझे, नांगर माझा,
ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण.
हिशोब? हिशोब कसला.
त्याचा राउटर एकदा मध्यरात्री आडवा झाला,
तेव्हा माझं जादाचं कार्ड त्यानं नेलं
विरजण न्यावं तसं, न विचारता.
सकाळी कपाटावर चिठ्ठी: नेलंय. चहा माझ्याकडून.
माझ्या बाळंतपणात आमची मोठी लाइन तुटली,
तर बोल्टनची सगळी गिऱ्हाइकं
दोन आठवडे त्याच्याच दारातून जगाला भेटत होती.
कुणाला कळलं नाही.

मग आमच्याकडे फिलिपा रेडमेन आली.
बाई वाईट नव्हती, हे लिहायलाच हवं.
माझ्या पगारासाठी ती वरच्यांशी भांडली होती.
तिनं फक्त विचारलं,
किती जातं, किती येतं?
मी कधी मोजलंच नव्हतं.
मोजलं.
आपलं जातं एक, त्याचं येतं चार.
"म्हणजे आपण त्याला पोसतोय."
मी म्हटलं, येतं ते आपल्याच गिऱ्हाइकांनी मागवलेलं असतं.
ती म्हणाली, "खरंय. तरी."

त्या 'तरी'पुढे माझ्याकडे काही नव्हतं.

बांध कोरणारा निदान रात्री कोरतो.
इथे तीस दिवसांची रीतसर नोटीस होती,
खाली माझी सही.
डेरेकला आधी फोन केला. तो हसला नाही.
"मीही मोजतोय," म्हणाला, "ऑगस्टपासून.
रेडिंगच्या लोकांनी घेतलंय आम्हाला.
आमच्या हिशोबात पैसे तुम्ही देणं लागता."
ऑगस्टपासून.
सप्टेंबरात आम्ही दोघं त्या तळघरात
एकाच डब्यातल्या करंज्या खात होतो.

तिसाव्या दिवशी मंगळवार होता.
वायर ओढायला जोर लागत नाही,
नखानं खटका दाबायचा.
दोन हिरवे दिवे गेले.
एकही माणूस ओरडला नाही.
घरी येऊन मी त्याच्या यंत्राचा माग काढला:
मँचेस्टर, लंडन, न्यूयॉर्क, पुन्हा लंडन,
सतरा टप्पे, आणि शेवटी
माझ्या कपाटाच्या डाव्या हाताला.
एकशे त्रेचाळीस मिलिसेकंद.
पापणी लवायला याहून जास्त लागतं.
कुणाला कळणार?

पुढे भाव पडले, हेही खरं.
माझ्या दारात एकाच आठवड्यात
त्यांचं पत्रक आलं, आमचं आलं,
दोन्हींवर तीच पळणारी मुलगी, तेच निळं आकाश,
आणि दोघंही दुसऱ्यापेक्षा वेगवान.
आईशी बोलणं इतकं स्वस्त झालं
की आम्ही बोलण्यासारखं काही शोधू लागलो.

कपाट रिकामं करायला गेले तेव्हा
त्यांच्या बाजूला नवा मुलगा होता, ओवेन की काय.
तारांच्या गुंत्यातून त्यानं ते पिवळं वेटोळं उचललं,
पट्टी वाचली, उजेडाकडे धरून पुन्हा वाचली.
"अर्जिक... ही कुठली कंपनी?
आमच्या यादीत दिसत नाही."
मी म्हटलं, आमच्याही नाही.
आणि सत्तावीस नंबरच्या भोकात
धुळीसाठी मिळतं ते रबरी बूच बसवलं.